इंटरव्ह्यू देऊन आलोय, आता फोन करू का नको?

पुण्याजवळच्या चाकण, महाळुंगे, भोसरी, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात क्वालिटीला, म्हणजे पार्ट तपासायच्या खात्यात, काम करणाऱ्या पोरापोरींचे मला सगळ्यात जास्त मेसेज येतात ते इंटरव्ह्यूच्या आधी नाही, नंतर. "मॅडम, इंटरव्ह्यू चांगला झाला, एचआर म्हणाले कळवतो, आता आठवडा उलटून गेला, फोन केला तर चालेल का, का रागावतील?" माझं उत्तर ठरलेलं आहे, कर. बिनधास्त कर. आधी मेल टाक आणि मग फोन कर. पण आपल्याकडे घरातूनच असं डोक्यात बसलेलं असतं की आपण होऊन विचारलं म्हणजे लाचारी झाली, त्यांना गरज असेल तर तेच बोलवतील. हे मला अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते.

मी ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, बरीच वर्षं झाली, आता इंटरव्ह्यूच्या पॅनलवरही बसते. त्यात यंदा नणंदेच्या मुलाची तयारी घरीच करून घेतली, तो डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत एका छोट्या व्हेंडरकडे लाईन इन्स्पेक्टर, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं सगळं ताजं आहे.

आधी तयारीचं. पोरं काय करतात, तर यूट्यूबवरून सेव्हन क्यूसी टूल्स, फाइव्ह एस, पीपॅप, एपीक्यूपी या क्वालिटीच्या पद्धतींचे फुलफॉर्म पाठ करतात. ते विचारतात, नाही असं नाही, पण ती पहिली पाच मिनिटं असतात. त्यानंतर प्रॉडक्शनवाले सर खुर्ची जरा पुढे ओढतात आणि विचारतात, बरं, तुझ्या लाईनवर काय बनतं ते सांग. आणि इथे चांगली कामाची पोरं अडकतात, कारण रोज बारा बारा तास जे हाताळतो त्याची तयारी करायची असते हेच कुणी सांगितलेलं नसतं.

भाच्याला मी हेच धरलं. त्याच्या लाईनवर एक स्टीलचं हाउसिंग बनतं, त्यातला मुख्य बोअर, म्हणजे गोल भोक, २५ एच७. म्हणजे २५ मिलिमीटरच्या खाली शून्य, वर २१ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), एवढीच सगळी जागा, हाच टॉलरन्स. मी विचारलं, हा व्हर्नियरने मोजशील का? तो म्हणाला, "हो मामी, कधी गेज मिळालं नाही तर मोजतो." म्हटलं थांब, तुझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, किती, ०.०२ मिलिमीटर, आणि टॉलरन्स किती, ०.०२१. म्हणजे व्हर्नियरची एक रेघ इकडे तिकडे झाली की पूर्ण टॉलरन्स संपला, मग तू पार्ट ओके आहे असं कशाच्या जोरावर सांगतोस? साधारण नियम असा की टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका तरी लीस्ट काउंट पाहिजे, म्हणजे इथे दोन मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. मग एक मायक्रॉनच्या डायलचं बोअर गेज घ्या, मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, झिरो करा आणि मोजा, किंवा हवेच्या दाबावर मोजणारं एअर गेज असेल तर उत्तमच. प्लग गेज चालतं, पण ते फक्त गो आणि नो-गो, म्हणजे चालेल की नाही एवढंच, सांगतं, बोअर हळूहळू मोठा होत चाललाय का हे त्यातून कळत नाही.

मग पुढचा प्रश्न, मशीनवरून उतरलेला गरम पार्ट लगेच मोजला तर काय होईल? मापं सगळी २० डिग्रीला धरलेली असतात. २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या बोअरमध्ये दहा डिग्रीचा फरक पडला तर जवळपास तीन मायक्रॉनचा फरक येतो, २१ पैकी तीन. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, कूलंट गरम झालेलं, तिथे हा फरक खरंच दिसतो. भाचा गप्प झाला, मग म्हणाला की दुपारी रिजेक्शन वाढतं आणि संध्याकाळी तेच पार्ट परत मोजले की ओके येतात, आम्ही गेज खराब आहे म्हणायचो. मी म्हटलं हेच, हेच सांगायचं इंटरव्ह्यूला! तुझ्या डोळ्यासमोर घडलेलं आहे, यूट्यूबवरच्या कुणाचंही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन त्याने शिफ्टप्रमाणे रिजेक्शनचे आकडे बघितले, मशीनवर टूल बदलायचा काउंट, म्हणजे किती पार्टनंतर बदलायचं तो आकडा, किती ठेवलाय ते ऑपरेटरला विचारलं, मास्टर रिंग कुठे ठेवतात ते बघितलं. ही खरी तयारी.

व्हाय-व्हाय, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत का, का करत जायचं, ते विचारतातच. रिजेक्शन का आलं, टूल घासलं होतं, का घासलं, ऑपरेटरने बदललं नाही, का नाही बदललं, दुर्लक्ष झालं. इथे थांबलात तर पॅनलवरचा माणूस मनात फुली मारतो, मी तरी मारते. दुर्लक्ष हे कारण नसतंच हो, एक माणूस दमला तर पार्ट खराब निघू शकतो अशी व्यवस्था तिथे का होती, हे कारण असतं. काउंटर शिफ्ट बदलताना कोणीतरी झिरो करत होतं का, काउंट पूर्ण झाला तरी मशीन थांबत नव्हतं का, तिथपर्यंत जायचं. सीएनसीवर टूल लाईफ भरून ठेवलं की काउंट संपल्यावर मशीन पुढचा सायकल घेत नाही, हे पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, म्हणून सांगा. ऑपरेटरवर ढकलणारा इन्स्पेक्टर कुठल्याच लाईनला नको असतो.

बाकी थोडक्यात सांगते. सीपीके, म्हणजे प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचं माप, त्याचे १.३३ आणि १.६७ हे दोन आकडे कधी कुठला मागतात ते बघून जा, गेज आरअँडआर, म्हणजे मोजण्यामुळेच किती फरक पडतो त्याचा स्टडी, दहा टक्क्यांच्या आत चांगला, तीसच्या वर नापास, मधला असेल तर पार्ट किती क्रिटिकल आहे ते बघून ठरवतात. एफएमईए, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला तक्ता, त्यात २०१९ च्या नवीन हँडबुकपासून आरपीएन या जोखमीच्या आकड्याच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली, पण बऱ्याच ठिकाणी अजून जुनी शीट चालू आहे, दोन्ही माहिती असू द्या. आणि जे स्वतः केलं नाही ते केलं म्हणून सांगू नका. "सर, गेज आरअँडआरचा स्टडी आमच्या इंजिनिअर सरांनी केला, रीडिंग मी घेतली, तीन जणांनी दहा पार्ट दोन-तीन वेळा मोजायचे असतात, त्यातला एक मी होतो." हे उत्तर शंभर नंबरी आहे. आणि एक महत्त्वाचं, कस्टमरचं ड्रॉइंग किंवा रिपोर्ट मोबाईलमध्ये नेऊन दाखवू नका, कितीही वाटलं तरी. जो आज तिकडचं इकडे दाखवतो तो उद्या आमचं दुसरीकडे दाखवेल असंच समोरच्याला वाटतं. स्केच काढून सांगा, कागद मागा, कागद मागितलेला सगळ्यांनाच आवडतो.

इंग्लिशचं टेन्शन फार घेतात. सोलापूर, बीड, लातूर, परभणी, बुलढाण्याकडून आलेली पोरं, काम येतं पण इंग्लिशच्या भीतीने निम्मं सांगतच नाहीत. स्वतःची ओळख इंग्लिशमध्ये चार-पाच वाक्यांत तयार ठेवा, नाव, शिक्षण, सध्या कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कुठला पार्ट, कुठली जबाबदारी. त्यानंतर टेक्निकल आलं की सरळ विचारा, सर, हिंदीत किंवा मराठीत सांगू का. शॉपफ्लोअरच्या पोस्टला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. मेल आणि रिपोर्ट मात्र इंग्लिशमध्येच असतात, तेव्हा ८डी, म्हणजे कस्टमर कंप्लेंटवरचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, वाचून समजतो आणि भरता येतो हे दाखवता आलं पाहिजे.

मुलींना एक वेगळाच प्रश्न असतो, लग्न झालंय का, मुलं लहान आहेत का, शिफ्टला जमेल का. मला स्वतःला हे विचारलं गेलंय आणि शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं नव्हतं. फार राग येतो. मी पॅनलवर असते तेव्हा शिफ्टचा प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारते आणि घरचं कुणालाच विचारत नाही. तुम्हाला कुणी विचारलंच तर घरची कहाणी सांगत बसू नका, "शिफ्टचं टायमिंग आणि बसची सोय कशी आहे सांगता का, त्याप्रमाणे मी जमवेन" एवढं बोलून विषय परत कामावर आणा.

आता त्या दिवसाचं. चाकणला दहाचा इंटरव्ह्यू म्हणजे दहाला गेटवर पोचायचं असं नसतं. नाशिक हायवेवर मोशीच्या पुढे काय होईल सांगता येत नाही, तळेगाव चौकात तर गाडी बंद करून उभं राहावं लागतं. त्यात गेटवर सिक्युरिटीचं रजिस्टर, आधार दाखवा, मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर, व्हिजिटर पास, आत फोन करून विचारणार, मग कुणीतरी न्यायला येणार, यात सहज वीस-पंचवीस मिनिटं जातात. काही ठिकाणी सँडल किंवा चप्पल असेल तर शॉपवर सोडत नाहीत आणि पॅनलला वाटलं की चला, लाईन बघत बोलू, तर तुम्ही बाहेरच. बंद शूज घाला. आणि गेटवरच्या माणसाशी नीट बोला, तो माणूस आहे म्हणून बोला.

फाईलमध्ये दहावीपासूनच्या मार्कशीट, अपॉइंटमेंट लेटर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधार, पॅन, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, फोटो. इथे एक गोष्ट फार लोकांना नडते. काम मोठ्या नावाच्या कंपनीत, पण पगार ठेकेदाराच्या नावाने. पोरं रेझ्युमेवर मोठी कंपनी लिहितात आणि पीएफच्या रेकॉर्डवर ठेकेदार दिसतो. बॅकग्राउंड चेक करणारे ईपीएफओची, म्हणजे पीएफ ऑफिसची, सर्व्हिस हिस्टरी बघतात, कुठे कधी लागलात, कधी सोडलं, सगळं तिथे तारखेसकट असतं. मग खरं काम केलेलं असूनही खोटं ठरता. सरळ लिहा, अमुक ठेकेदारामार्फत तमुक प्लांटमध्ये. ठेकेदारीत काम केलं यात कमीपणा काही नाही, ही पूर्ण इंडस्ट्री त्याच पोरांच्या जिवावर चालते. आणि जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर २०२० पासून ती आपली आपल्याला पीएफच्या पोर्टलवर भरता येते, शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. इंटरव्ह्यूला जायच्या आधी एकदा लॉगिन करून बघा.

पगाराचं बोलताना हातात किती येणार ते विचारा, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, तो ऐकून हुरळू नका. साडेतीन-चार लाख ऐकायला बरं वाटतं. समजा ३ लाख ६० हजार सीटीसी, म्हणजे महिन्याला ३० हजार, त्यात बेसिक १५ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० त्यातच धरलेला, ग्रॅच्युइटीचे सातशे-सव्वासातशे त्यातच धरलेले. राहिले साधारण साडेसत्तावीस, त्यातून तुमचा पीएफ १,८००, प्रोफेशन टॅक्स २०० आणि फेब्रुवारीत ३००, हातात साडेपंचवीसच्या आसपास. वार्षिक बोनस सीटीसीत धरला असेल तर अजून कमी, कॅन्टीन आणि बसचे कापत असतील तर अजून. हे सगळं विचारायला लाजायचं काय त्यात? गावी पैसे पाठवायचे असतात, रूमचं भाडं द्यायचं असतं, माणसाने हिशोब करूनच हो म्हणावं.

उठायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्याच. या पोस्टवर पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला काय काम झालेलं बघायला आवडेल, आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, कळवणार कोण. दुसऱ्याचं उत्तर बाहेर आल्या आल्या मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच तारखेवर चालतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मेल. सब्जेक्टला पोस्टचं नाव, तुमचं नाव, इंटरव्ह्यूची तारीख, म्हणजे एचआरला शोधावं लागत नाही. आत चार-पाच ओळी. भाच्याने पाठवला त्याचा मराठीत अर्थ असा होता: "सर, आज लाईन क्वालिटीच्या पोस्टसाठी भेट झाली, वेळ दिल्याबद्दल आभार. तुम्ही मागितलेलं अपॉइंटमेंट लेटर आणि तीन स्लिपा जोडल्या आहेत. बोअरच्या रिजेक्शनबद्दल विचारलं होतं तेव्हा मास्टर रिंग आणि पार्ट एकाच तापमानाला आणून मोजायचा मुद्दा सांगायचा राहिला, तो इथे लिहितो. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. शुक्रवारपर्यंत कळेल असं तुम्ही म्हणाला होतात, मी वाट बघतो." बस. यात कुठे लाचारी आहे सांगा मला? मागितलेलं दिलं, राहिलेलं सांगितलं, तारीख आठवण करून दिली. आम्हाला असा मेल आला की आम्ही तो एकमेकांना दाखवतो, खरंच, कारण हाच माणूस उद्या कस्टमरला रिपोर्ट वेळेत पाठवेल असं वाटतं.

आणि मग शुक्रवार जातो आणि फोन येत नाही. आत काय चाललेलं असतं ते सांगते. आम्ही मार्कांची शीट भरून एचआरला देतो, तिथून ती प्लांट हेडच्या सहीला जाते, ते टूरवर असतात. कधी पगाराच्या ग्रेडवर अडतं. कधी कस्टमरचं शेड्यूल खाली येतं आणि सगळी भरती थांबते, ज्यांना सिलेक्ट केलं त्यांचीसुद्धा. कधी पहिल्या नंबरच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि तो हो-नाही करत बसलेला असतो, तोपर्यंत दुसऱ्या नंबरला काय सांगणार म्हणून कुणी काहीच सांगत नाही. हे चूक आहे, उमेदवाराला दोन ओळी कळवायलाच पाहिजेत, मी आमच्याकडे त्यासाठी भांडते. पण सांगायचं हे की गप्प आहेत म्हणजे नापास झालो असं नसतं, आणि पास झालो असंही नसतं.

म्हणून विचारायचं. सांगितलेली तारीख उलटून दोन कामाचे दिवस गेले की त्याच मेलवर रिप्लाय करून दोन ओळी. उत्तर नाही आलं तर तीन-चार दिवसांनी फोन, सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी चारच्या पुढे, शिफ्ट बदलायच्या वेळेला नको, सोमवारी सकाळी तर नकोच. नाव, पोस्ट, तारीख सांगायची आणि एकच प्रश्न, पोझिशन चालू आहे का आणि मी विचारात आहे का. अजून एकदा आठवड्याने. त्यानंतर सोडून द्यायचं. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर "सर एनी अपडेट" टाकायचं नाही, पॅनलवरच्या माणसाला फेसबुकवर शोधायचं नाही, ओळखीच्या काकांकडून प्लांट हेडला फोन तर मुळीच लावायचा नाही. आपण कस्टमर कंप्लेंटचा ८डी डी६ ला, म्हणजे सहाव्या पायरीला, अ‍ॅक्शन लागू झाली आणि उपयोग झाला हे बघितल्याशिवाय क्लोज करत नाही, मग आपल्याच आयुष्यातला पॉइंट महिनाभर ओपन कशाला ठेवायचा?

भाच्याला फोनवर काय कळलं, तर पोझिशन होल्डवर. वाईट वाटलं त्याला, जेवला नाही नीट. पण कळलं ना! नाहीतर त्याच आशेवर त्याने दुसरीकडचा कॉल सोडला असता, तसं तो म्हणतही होता. तो दुसऱ्या ठिकाणी गेला, तीच तयारी, तोच बोअर, तसाच मेल, आणि तिथे झालं. तिथेही ऑफर दोन आठवडे लांबली आणि मेडिकलला बोलावलं ते त्याने फोन केल्यावरच. फॉलो-अपचा मला कळलेला खरा फायदा हा आहे, नकार असेल तर तो लवकर मिळतो आणि माणूस मोकळा होतो.

लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, फोनवर "तुझं झालंय, पेपर टाक" म्हणाले तरी नाही. ऑफर लेटरवर पोस्ट, पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख, प्रोबेशन किती, हे वाचा.

आणि पैसे. कुणीही, कधीही, कशासाठीही मागितले तरी द्यायचे नाहीत. युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे, "जॉइनिंग झाल्यावर परत मिळतील" वाले, कसलेच नाहीत. खरी कन्सल्टन्सी तिचे पैसे कंपनीकडून घेते. गावाकडून आलेल्या पोरांना मोठ्या कंपनीच्या लोगोचं ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि चार-पाच हजार घेऊन गायब होतात, घरच्यांनी उसने घेऊन दिलेले असतात ते. हे ऐकलं की माझा जीव तुटतो. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का जीमेलवरून ते बघा, वेबसाईटवरच्या बोर्ड नंबरला फोन करून असा कुणी एचआर आहे का विचारा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

जुन्या ठिकाणी सोडताना रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर आणि शेवटच्या हिशोबाचा कागद मागून घ्या, तोंडी "नंतर पाठवतो" वर निघू नका, नंतर तिथला एचआर बदललेला असतो. नवीन ठिकाणी पीएफचा फॉर्म ११ भरताना जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू नका, आणि पहिला पगार झाला की जुना पीएफ ट्रान्सफरला टाका. भाच्याचा आधारवरचा जन्मतारखेचा घोळ आहे, तो दुरुस्त केल्याशिवाय ट्रान्सफर होणार नाही, त्यामुळे या रविवारी आमच्याकडे तेच काम आहे.